ट्रिप तोंडावर आणि गाडीचा फ्युएल पंप गेला, नवीन टाकून निघू का?

धूळवाट
मंडळी, मदत करा. पुढच्या शनिवारी लांबच्या ट्रिपला निघायचंय, दोघं जण, मागे भरपूर सामान, आणि गाडीने नेमका आत्ताच दगा दिला. एफआय बाइक आहे, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली. आधी वरच्या आरपीएमला झटके मारायची, मग तापली की बंद पडायला लागली, जरा वेळ उभी केली की परत चालू. आता तेही नाही. सेल मारतोय, इंजिन फिरतंय पण पकडतच नाही, आणि किल्ली ऑन केल्यावर टाकीतून जो घूंऽऽ आवाज यायचा तो गायब. एक मेकॅनिक म्हणतो पंप गेला, पूर्ण असेंब्ली (मोटर, फिल्टर, रेग्युलेटर सगळं एकत्र) टाका, दुसरा म्हणतो नुसती मोटर बदलू, होऊन जाईल. खरंच पंपच गेलाय हे घरी कसं बघायचं? आणि नवीन टाकून लगेच एवढ्या लांब जावं का?

पाना_दहाबारा
आधी पंपापर्यंत करंट पोचतोय का ते बघा भाऊ. आवाज येत नाही म्हणजे पंप मेलाच असं नसतं. किल स्विच (हँडलवरचा, इंजिन बंद करायचा) रनवर आहे ना, फ्यूज शाबूत आहे ना (नुसता डोळ्याने बघू नका, मीटर लावा), किल्ली ऑन केल्यावर रिले (पंपाला करंट सोडणारा छोटा स्विच) टिक करतो का. बऱ्याच गाड्यांत पंपाच्या रिलेसारखाच दुसरा रिले असतो, नंबर सेम असेल तर अदलाबदल करून बघा, काही मिनिटांचं काम आहे. गाडी मध्यंतरी आडवी पडली असेल तर टिप-ओव्हर सेन्सर पण चेक करा, तो पंप बंद करतो.

मग मल्टीमीटर. किल्ली ऑन केली की पंपाला साधारण 2-3 सेकंदच सप्लाय मिळतो, प्रेशर बनवण्यापुरता, म्हणून एकाने किल्ली फिरवायची आणि दुसऱ्याने मीटरकडे बघायचं. कनेक्टरला पेट्रोलच्या लेव्हल सेन्सरच्या वायरी पण असतात, पंपाच्या शक्यतो जाड असतात, तरी गाडीच्या डायग्रामवरून खात्री करा. आणि इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात, कनेक्टर काढून मोजलं तर खराब जॉइंटमधूनसुद्धा 12 व्होल्ट दिसतात कारण लोडच नसतो. कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने पिना लावून मोजा. बॅटरीएवढे व्होल्ट मिळतायत आणि पंप गप्प, मग पंपच गेला. जोडल्यावर 8-9 वर आले तर दोष वायरिंगमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये आहे, तिथे नवीन पंप टाकून काही होणार नाही. कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्यात का, प्लॅस्टिक वितळल्यासारखं दिसतंय का तेही बघा.

सावकाश_जा
आता पंप गप्प आहे त्यामुळे तुमच्या केसमध्ये कदाचित लागू नाही, पण दुसऱ्या कोणाची गाडी तापल्यावर बंद पडत असेल तर बंद पडल्या पडल्या किल्ली ऑफ-ऑन करून कान द्या. पंप नेहमीसारखा वाजतोय तर टाकीचं झाकण उघडून बघा, हवा सुस्सऽ करून आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचा व्हेंट (हवा आत जायचं छिद्र) चोक आहे, पंपाला कोणी हात लावू नका.

चेनस्प्रॉकेट
असेंब्ली की मोटर यावर माझं मत स्पष्ट आहे, ट्रिपच्या आधी असेंब्लीच. नुसती मोटर बदलणं चुकीचं नाही, पण त्यात चुकायला जागा खूप. जुना फिल्टर, जुना प्रेशर रेग्युलेटर तसाच राहतो, आणि तोच चोक असेल तर नवीन मोटर जोर लावून लावून तीही जाणार. वायर उलट जोडली की पंप उलटा फिरतो, आवाज येतो पण प्रेशर शून्य, आणि माणूस इंजेक्टर खोलत बसतो. टाकीतला छोटा पाइप बदलायचा असेल तर पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलाच हवा, बाहेर लावायचा साधा पेट्रोल पाइप आत टाकला की बाहेरूनही पेट्रोल लागून फुगतो, मऊ होतो आणि क्लिपमधून सुटतो. बहुतेक एफआय गाड्यांत प्रेशर 3 बारच्या आसपास असतं, तिथे जुगाड टिकत नाही.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, टाकी रिकामी करा, उघड्यावर करा, आणि लाइनचा पाइप काढताना त्यावर फडकं धरा, आत प्रेशर असू शकतं. टेबलावर कोरडा पंप बॅटरीला लावून बघायचा मोह टाळा, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि शिवाय ठिणगी.

धूळवाट
सगळ्यांचे आभार, मनापासून. जोडलेल्या कनेक्टरवर पूर्ण 12 च्या वर आले आणि पंप ढिम्म. टाकी उतरवून पंप बाहेर काढला तर खालच्या जाळीवर तपकिरी चिकट थर, बोटाने पुसला तर मेणासारखा निघाला, वार्निशसारखा वास. टाकीच्या तळाला गंजाची बारीक पूड. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी होती.

पाना_दहाबारा
मग कारण सापडलं. अर्ध्या टाकीत दमट हवा आत-बाहेर करते, इथेनॉलवालं पेट्रोल पाणी धरतं, जास्त झालं की पाणी नि इथेनॉल मिळून तळाला बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. आता टाकी साफ केल्याशिवाय नवीन पंप आत सोडू नका, तीच पूड पहिल्याच दिवशी नवीन जाळीवर येईल. सील नवीनच घ्या, जुनी ओ-रिंग पेट्रोलने फुगते, खाचेत परत नीट बसत नाही. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एका बाजूने कचकचून नको.

आणि लांब जायचं की नाही, तर जा, पण आधी सामान आणि मागचा माणूस बसवून गाडी चांगली तापेपर्यंत फिरवा. मोकळ्या गाडीवर गल्लीत चक्कर मारून काही कळत नाही, पंपाची खरी परीक्षा लोडवर चढाला आणि कडक उन्हात. वाटेत रिझर्व्हपर्यंत ओढू नका, पंप बुडालेला राहू दे. जादा फ्यूज आणि रिले सोबत ठेवा.

धूळवाट
टाकी धुतली, नवीन असेंब्ली बसली, पहिल्याच सेलला चालू! पण टाकी फुल केल्यावर पंपाच्या कडेला ओलसर दिसतंय. थेंब पडत नाही, फक्त बोटाला लागतं. नट अजून थोडे आवळू का?

चेनस्प्रॉकेट
नाही. आवळू नका, स्टड तुटेल किंवा प्लेट वाकेल. खाली गरम इंजिन आहे, ओल म्हणजे गळतीच समजा. परत उतरवा.

धूळवाट
उतरवलं. रिंग एका कोपऱ्यात दुमडून चिमटली होती. दुसरी नवीन टाकली, यावेळी बसवताना टॉर्च मारून चारी बाजूंनी बघितली. रात्रभर फुल टाकी ठेवली, खाली पांढरा कागद अंथरला होता, कोरडा आहे. आज दुपारी सामान बांधून घाटात नेतोय, तिथे काही निघालं तर इथेच लिहितो.