न्यूरॉन (मेंदूतली पेशी) विभागत नाही, मग सेल सायकलची, म्हणजे पेशी विभागायचं चक्र चालवणारी प्रोटीनं तिथं काय करतात?
कुणाला वाटेल की मेंदूतला न्यूरॉन विभागत नाही म्हणजे सेल सायकलची प्रोटीनं तिथं नुसती पडून असतात, तर तसं नाही बघा. सीडीके५ घ्या, दुसऱ्या प्रोटीनांवर फॉस्फेट चढवणारं प्रोटीन, घराणं सेल सायकलवाल्यांचंच पण त्याला चालू करायला त्यांच्यासारखं सायक्लिन हे प्रोटीन नाही, पी३५ नावाचं प्रोटीन लागतं आणि काम सिनॅप्सचं, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडाचं. गडबड पुढं होते, कॅल्पेन हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम पी३५ तोडून त्याचा पी२५ हा तुकडा करतं, मग सीडीके५ आवरत नाही, टाऊ या न्यूरॉनमधल्या प्रोटीनावर नको तितके फॉस्फेट चढतात, अल्झायमर या विसरण्याच्या आजारात दिसतात तसे. त्या आजारात काही न्यूरॉन तर डीएनएची कॉपी करायला लागतात, विभागणं जमत नाही आणि मरतात. आमच्या खानापूर-निपाणीकडं म्हाताऱ्यांचं विसरणं अजून वय झालं म्हणून सोडून देतात, फार वाईट वाटतं, बेळगावला न्यूरॉलॉजिस्टकडं एकदा तरी न्या हो.