पापडखार म्हणून धुण्याचा सोडा तर मिळाला नाही ना? उडदाचे पापड लाल, कडू झालेत

नमस्कार. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे, रुखवतातले पापड घरीच लाटायचे ठरवलंय. सासूबाईंचं प्रमाण असं: किलोभर उडदाच्या पिठाला ३५ ग्रॅम पापडखार, ७० ग्रॅम मीठ. दोन्ही पाण्यात उकळायचं, निवल्यावर वरच्या पाण्यात पीठ घट्ट भिजवायचं. इतकी वर्षं कधी बिघडलं नाही. यंदा नेहमीचं पाकीट मिळेना म्हणून सुटा खार आणला. पापड तळले तर विटकरी, आणि खाताना जिभेवर साबणासारखी चव! पाणी उकळलेलं अॅल्युमिनियमचं पातेलंही आतून काळं पडलंय.

शंका आली म्हणून दोन वाट्यांत हळदीचं पाणी घेतलं. एकीत खायचा सोडा घातला, रंग जरासा तांबूस झाला. दुसरीत हा खार, तर पाणी कुंकवासारखं लालभडक. लिंबू पिळल्यावर फसफसले दोन्ही. पण कढत पाण्यात सोड्याला बुडबुडे आले, खार नुसता विरघळला.

एक किलो पीठ भिजवून झालंय, चार किलो बाकी आहे. भिजवलेलं वाचेल का? आणि पुढे खार किती घालू?

प्रतिसाद:
ताई, तुमची परीक्षा अगदी बरोबर आहे. कढत पाण्यात बुडबुडे नाहीत, म्हणजे त्यात सोडियम बायकार्बोनेट (खायचा सोडा) जवळजवळ नाही, बहुतेक सगळं सोडियम कार्बोनेट आहे. खायचा सोडा तापवला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं, १६८ ग्रॅमचं १०६ ग्रॅम कार्बोनेट उरतं. पापडखारात बहुधा दोन्ही असतात. निव्वळ कार्बोनेट तेवढंच घातलं तर अल्कली (क्षारता) फार होते, म्हणून तळताना रंग चढतो आणि चव बिघडते. पातेलंही त्यानेच काळं झालं, पुढच्या वेळी स्टीलचं घ्या.

धुण्याचा सोडाही कार्बोनेटच, पण तो खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. सुट्या खाराचं मूळ पाकीट दुकानात बघायला मागा. त्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) क्रमांक नसेल तर हा खार आणि भिजवलेलं पीठ दोन्ही टाकून द्या, जीव हळहळला तरी. क्रमांक असेल तर त्यात तेवढंच कोरडं पीठ आणि नुसतं मिठाचं पाणी घालून पुन्हा कुटा.

बाकीच्यासाठी आधी पाव किलो पीठ घ्या, खार ४ ग्रॅमच घाला, चार पापड लाटून वाळवा आणि तळून बघा. फुलले नाहीत तर एकेक ग्रॅम वाढवा.