होळकर पूल की व्हिक्टोरिया पूल? शाळेच्या प्रकल्पासाठी नाशकातली नावं हवी आहेत

पंचवटीची सून यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे. शाळेतून प्रकल्प आलाय, 'राजघराण्यातील व्यक्तींची नावे असलेली आपल्या परिसरातील ठिकाणे व सार्वजनिक इमारती'. किमान पाच हवीत, प्रत्येकाचा फोटो आणि चार ओळी माहिती. सोमवारी द्यायचाय आणि मला कळलंय आज, शुक्रवारी रात्री, पोळ्या लाटताना. नेहमीप्रमाणे.

पहिल्याच नावावरून घरात जुंपली. लेकीने लिहिलं 'होळकर पूल'. सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) खुर्चीतूनच म्हणाले, "व्हिक्टोरिया पूल लिही." ती म्हणाली, "आजोबा, पूर आला की पेपरात रोज येतं, होळकर पुलाखालून इतके क्युसेक पाणी." अण्णा म्हणाले, "पेपरवाले कालचे आहेत. मी त्या पुलावरून सायकल शिकलोय." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझं माहेर सटाण्याचं. मला त्या पुलाबद्दल एवढंच माहीत, की रविवार कारंजावरून पंचवटीत यायचं तर तो लागतो आणि सिंहस्थात त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

तर, ही व्हिक्टोरिया राणी नाशकात कधी आली होती का? नाही तर पुलाला तिचं नाव कशाला? आणि बाकीची चार नावं कोणती? छत्रपती शिवाजी स्टेडियम आणि शिवाजी उद्यान आम्हाला सुचलं होतं, पण बाईंनी आधीच बजावलंय की शिवाजी महाराज एकदाच धरणार, नाहीतर सगळा वर्ग त्यांच्यावरच पाच फोटो चिकटवून आणतो.

---

गंगापूर रोडवाला:

आनंदवल्ली टाका ताई. राघोबादादा पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई, त्यांच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आधी तिथल्या खेड्याचं नाव वेगळं होतं. जवळच नदीकाठी नवश्या गणपती आहे, त्याचा नवससुद्धा या जोडप्यालाच चिकटवतात. फोटो सोपा, मंगळवार सोडून कधीही जा.

तर्कट:

पेशवे हे राजघराणं नव्हे. ते पंतप्रधान. राजे साताऱ्याला. बाई कडक असतील तर मार्क जातील.

गंगापूर रोडवाला:

सातवीच्या पोरीचा प्रकल्प आहे हो, पीएचडी नाही.

तर्कट:

म्हणूनच. आत्ता चुकीचं शिकली की आयुष्यभर तेच.

---

निवृत्त टपालवाला:

सूनबाई, मी 34 वर्षं टपाल खात्यात काढली. त्यातली बरीचशी पंचवटी बीटला, म्हणजे तुमच्या दारातून माझी सायकल हजारदा गेली असेल. तेव्हा नावांच्या भानगडीत मी थोडा अधिकाराने बोलतो, राग मानू नका.

तुमचे अण्णा बरोबर आहेत आणि लेकही बरोबर आहे. पूल इंग्रजांच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. नाव ठेवलं व्हिक्टोरिया. पुढे अहिल्यादेवी होळकरांचं दिलं. माझ्या हातात दोन्ही नावांची पाकिटं पडायची. मुंबई-पुण्याकडे गेलेली जुनी माणसं 'व्हिक्टोरिया पुलाजवळ' लिहायची, इंदूरकडून येणारी 'होळकर पुलाजवळ'. इंदूरवाल्यांचं साहजिकच आहे, त्यांच्या घरचं नाव ते. आणि बाहेरगावचे यात्रेकरू आपल्या उपाध्यायांना पत्र घालायचे त्यावर नुसतं 'रामकुंडाजवळ, गंगाघाट, नाशिक'. तेही पोचायचं. पुलाला कधी पत्र येत नाही हो, पुलाजवळच्यांना येतं. पिनकोडच्या जागी 422003 दिसलं की माझं काम झालं, वरती कुठली राणी लिहिली आहे याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

आता राणीचं. व्हिक्टोरिया नाशकात तर नाहीच, हिंदुस्थानातच कधी आली नाही. 1877 साली तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, तेव्हाही दरबार भरला दिल्लीत आणि बाई विलायतेत. पण नाव इथे जागोजाग. 1887 साली तिच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या निमित्ताने मुंबईच्या बोरीबंदरच्या स्टेशनाला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव दिलं. त्याच वर्षी मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं. त्यात राणीचा पैसा किती, श्रम किती? गव्हर्नर, कलेक्टर, रावबहादूर व्हायला निघालेले शेठजी, या सगळ्यांनी वरच्याला खूश ठेवायला घातलेली नावं ती. आमच्या खात्यात मोठा साहेब तपासणीला यायचा म्हटलं की आदल्या दिवशी कुंड्या रंगवायचे. तशातलं.

गंमत बघा. स्टेशनाचं नाव 1996 साली बदललं, 2017 साली त्यात 'महाराज' जोडलं. पण उद्या सकाळी पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात विचारा, पासवाल्यांतले निम्मे अजून 'व्हीटीला उतरतो' म्हणतील. उलट त्या टेक्निकल कॉलेजवाल्यांनी डोकं चालवलं. 1997 साली व्हिक्टोरिया ज्युबिलीचं वीरमाता जिजाबाई केलं, व्हीजेटीआय ही अक्षरं होती तिथेच राहिली. ज्याने कोणी हे सुचवलं तो जातिवंत कारकून असणार, लेटरहेड वाया जाऊ दिलं नाही. आणि व्हिक्टोरिया गार्डनचंही जिजामातेच्या नावाने उद्यान झालं, तरी लोक म्हणतात राणीची बाग. ही राणी कोण ते आता पेंग्विन बघायला रांगेत उभ्या असलेल्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

केईएमचं तर अजून कोणी बदललेलंच नाही. किंग एडवर्ड मेमोरियल. एडवर्ड हा व्हिक्टोरियाचा मुलगा. आपल्याकडून उपचाराला गेलेल्या माणसाला विचारा, एडवर्ड कोण? तो म्हणेल, कोण जाणे, आमचं ऑपरेशन केईएमला झालं.

आता होळकरीणबाई. इथे मात्र गाडी वेगळ्या रुळावर जाते. अहिल्याबाई 1725 साली जन्मल्या, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या चौंडी गावात, साध्या पाटलाच्या घरी. 1767 पासून 1795 ला जाईपर्यंत राज्य केलं. काशी विश्वनाथाचं देऊळ 1780 मध्ये त्यांनी पुन्हा उभं केलं. किती घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या ते मोजत बसायला नको. आपल्या जिल्ह्यात चांदवडला त्यांचा रंगमहाल उभा आहे, लेकीला रविवारी घेऊन जा. एसटीने गेलात तरी अर्ध्या दिवसाचं काम.

पण हेही खरं, की हा पूल त्यांनी बांधलेला नाही. पूल झाला तेव्हा त्यांना जाऊन शंभर वर्षं होत आली होती. म्हणजे राणीने पैसा दिला नाही तरी नाव तिचं, आणि अहिल्याबाईंनी पूल बांधला नाही तरी नाव त्यांचं. तिसरी बाई राहिलीच, गोपिकाबाई, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या आई. शेवटची वर्षं इथेच गंगापूरला काढली, रामकुंडाची दुरुस्ती केली. त्यांच्या नावाने काय आहे? शोधा. मला तरी इतकी वर्षं बीट फिरून 'गोपिकाबाई' लिहिलेलं एक पाकीट हाती आलं नाही. (तर्कटराव म्हणतील पेशवे राजे नव्हेत. मान्य. माझं म्हणणं सोडा, घाट तर बघा.)

म्हणून लेकीला माझा एकच सल्ला. नाव कुणाचं हे सगळा वर्ग लिहील. तिला 'ते कशाबद्दल दिलं' हा एक रकाना वाढवायला सांगा. व्हिक्टोरियापुढे काय लिहायचं ते तिचं तिने ठरवावं.

जाता जाता एक. 2 ऑगस्ट 2016 आठवतो का? दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, गोदाकाठची दुकानं गेली. त्याच रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, गाड्यांसकट. दुसऱ्या दिवशी आमच्या कट्ट्यावर जो तो एकच विचारत होता, आपल्या व्हिक्टोरिया पुलाचं काय? 'होळकर पूल' म्हणणारी पोरंसुद्धा त्या दिवशी 'व्हिक्टोरिया, व्हिक्टोरिया' करत होती. माणूस घाबरला की वस्तूचं वय आठवतं आणि वयाबरोबर जुनं नावही.

---

बोर्डिंगातला:

टपालवाले काका, तुमच्या त्या रकान्यात सगळ्यात चोख बसेल असं नाव राहिलं. उदोजी मराठा बोर्डिंग. मी तिथे राहून शिकलोय. मराठा विद्या प्रसारक संस्था 1914 ची, रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे या मंडळींनी उभी केली. खेड्यातल्या पोरांना नाशकात शिकायचं तर राहायचं कुठे आणि खायचं काय, हाच मोठा प्रश्न होता. त्या वसतिगृहाला नाव आहे धारचे महाराज उदाजीराव पवार यांचं, कारण त्यांनी मदत केली. सरळ हिशोब.

आम्ही तिथे होतो तेव्हा उदोजी कोण हे आमच्या खोलीतल्या एकालाही सांगता आलं नसतं. आम्हाला माहीत होतं भाकरीचं वेळापत्रक. घरी पत्र लिहायचो त्यावर 'बोर्डिंग, गंगापूर रोड' एवढंच.

आणि तर्कटरावांसाठी, धारचे पवार हे पक्के संस्थानिक, 'महाराज' लावणारे. मार्क जाणार नाहीत. शिवाय वर आनंदीबाई आल्यात म्हणून सांगतो, त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव जन्मला तो धारच्या किल्ल्यातच, 1775 साली.

तर्कट:

हे मात्र मान्य. उदोजी बोर्डिंग घ्या.

---

मोसम खोऱ्यातला:

सगळे नाव देणाऱ्या राजांबद्दल बोलताय, आमच्या मालेगाव तालुक्याने अख्खा राजा दिला त्याचं काय? कवळाणे गाव. तिथे 1863 साली काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. शेतकऱ्याचं घर. 1875 साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. तोच सयाजीराव. 1939 पर्यंत राज्य केलं, 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. दत्तकासाठी नेलेल्या पोरांना विचारलं, इथे कशाला आलात, तर हा म्हणाला 'राज्य करायला', ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येते. खरी असो वा नसो, आम्ही ती सोडणार नाही.

माझी बहीण बडोद्यात दिली आहे. तिथे त्यांच्या नावाचं विद्यापीठ, दवाखाना, बाग, सगळं आहे. पण काका म्हणतात तेच तिथेही. सयाजी बागेला लोक कमाटी बाग म्हणतात, सयाजी सरोवराला आजवा. त्यांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई ऐन तारुण्यात गेल्या, त्यांच्या आठवणीत 1896 साली घड्याळाचा मनोरा बांधला. रिक्षावाल्याला 'चिमणाबाई टॉवर' म्हणून बघितलं, त्याने माझ्याकडेच बघितलं. 'रावपुरा टॉवर' म्हटल्याबरोबर मीटर पाडलं.

प्रकल्पात 'परिसर' म्हटलंय म्हणजे बडोदा चालणार नाही, कळतं मला. पण कवळाण्याचा एक फोटो मागच्या पानावर लावा. माझ्याकडे आहे, पाठवतो.

---

पंचवटीची सून:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. 'व्हिक्टोरिया कधी आलीच नाही' ऐकल्यावर अण्णा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तरी कुठे म्हटलं आली होती. मी म्हटलं मी सायकल शिकलो."

यादी अशी ठरली: होळकर पूल, शिवाजी स्टेडियम, उदोजी बोर्डिंग, चांदवडचा रंगमहाल आणि आनंदवल्ली (तर्कटदादा, 'राज्यकर्त्या घराण्यातील' असं लिहितोय, चालवून घ्या). कवळाणे मागच्या पानावर.

'कशाबद्दल दिलं' हा रकाना लेकीने लगेच आखला. उदोजींपुढे 'मुलांना राहायला जागा मिळावी म्हणून मदत केली'. अहिल्यादेवींपुढे 'घाट बांधले, पूल नाही'. व्हिक्टोरियापुढे बराच वेळ पेन्सिल चावत बसली आणि शेवटी लिहिलं, 'तिला कळलं होतं का माहीत नाही'. खोडायला सांगावं का विचार करतेय.

टपालवाले काका, उद्या सकाळी सातच्या सुमारास पुलावर फोटो काढायला जाणार आहोत. अण्णाही येतो म्हणतात. तुम्ही कट्ट्यावर असाल तर हाक मारा, त्यांना तुम्हाला काहीतरी विचारायचंय. 1970 च्या आसपास एक मनीऑर्डर पोचली नव्हती म्हणे.

निवृत्त टपालवाला:

तेव्हा मी नोकरीत नव्हतो. पण येतो. चहा अण्णांकडून.