स्वागत कमान आधी की दवाखान्याबाहेरचं शेड?

केळीवाला_यावल:
मंडळी, आमच्या गावात परवा ग्रामसभेत जुंपली म्हणून इथं टाकतोय. पंचायतीकडं थोडा निधी शिल्लक आहे, निम्म्या गावाला त्यातून वेशीवर स्वागत कमान पाहिजे. मी उठून म्हटलं कमान पुढच्या वर्षी बघू, आधी आरोग्य केंद्राबाहेर पत्र्याचं शेड टाका, बाकडी, दोन पंखे, हात धुवायला नळ, आणि ओपीडीच्या ज्या खिडक्या कपाटं लावून बुजवल्यात त्या मोकळ्या करा. लोक हसले. कोरोना गेला न भो, आता काय उकरून काढतोस.
अरे पण २०२० ला काय झालं होतं? तापखोकल्याचा माणूस, पोटुशी बाई, डोसाला आणलेलं लेकरू, सगळे एकाच व्हरांड्यात मांडीला मांडी लावून बसलेले. मग सिस्टर आजारी पडल्या, दुसऱ्या क्वारंटाईन, आणि बाळंतपणाला गाडी करून जळगाव गाठायची वेळ आली. ३० हजार लोकांमागं एक केंद्र हा सरकारी हिशोब, आदिवासी पट्ट्यात २० हजार. तिथले दोघं-तिघं आडवे झाले की एवढ्या लोकांनी जायचं कुठं? दवाखान्यातली माणसं आधी वाचली पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं.

रोखठोक भाऊ:
केंद्र सरकारी, पगार सरकारी, मग शेड गावानं का बांधायचं? उद्या म्हणशील सलाईन पण वर्गणीतून आणा. आपण एकदा केलं की वरचे कायमचे हात झटकतात, शाळेच्या खोल्यांचं तेच झालं. आणि दवाखानेवाल्यांची एवढी दया येते तर २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी, त्या कोरोनाच्या इंजेक्शनसाठी, मी रात्रभर कुठं कुठं फिरलो अन् किती मोजले ते पण ऐक.

सिस्टर_चोपडा:
भाऊ, ज्यांनी ते पैसे घेतले त्यांच्यात मी नव्हते. मी मे महिन्यात पीपीई किट, म्हणजे अंगभर झाकणारा तो संरक्षक पोशाख, घालून उभी होते. आपल्याकडचा मे म्हणजे ४४ डिग्री, त्यात प्लास्टिकच्या कोथळीत सहा तास, पाणी नाही की लघवीला जाणं नाही. आणि किट घालण्यापेक्षा काढताना धोका जास्त असतो, बाहेरची बाजू हाताला लागते, तोच हात तोंडाला जातो. हे आम्हाला धड कोणी शिकवलं नाही, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो. काढायला वेगळी खोली पण नव्हती, जिन्याखाली काढायचो. एका दानशूर माणसानं मास्क आणून दिले ते व्हॉल्ववाले, म्हणजे आपला श्वास न गाळता बाहेर. फोटो मात्र भारी निघाला.
आणि कमानीचं म्हणाल तर तेव्हा पण कमानच केली होती गावोगावी, आठवतं का? माणसांवर औषध फवारणारी. केंद्राच्या आरोग्य खात्यानं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की माणसांवर फवारू नका, उपयोग नाही उलट डोळ्याकातडीला त्रास. तरी उद्घाटनं चालूच.

धुळेकर:
सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे पण मुद्दा शेडचा आहे. सहा महिन्यात पंखे गायब, खाली बकऱ्या बसतील आणि वर पत्त्यांचा डाव. दुसऱ्या लाटेनंतर ठिकठिकाणी ऑक्सिजन प्लांट बसवले, त्यातले किती चालू आहेत विचारून या जरा. साथ आली की धावपळ, गेली की कुलूप. त्यापेक्षा साथ आल्यावर मंडप टाका, चार दिवसांचं काम.

शहाद्याचा पाव्हना:
मंडप टाकणारा पण तेव्हा घरात कोंडलेला असतो शेठ. आमच्या नंदुरबारला डॉ. राजेंद्र भारुड कलेक्टर होते, आपल्या साक्री तालुक्यातलेच, स्वतः एमबीबीएस. त्यांनी दुसरी लाट यायच्या आधीच ऑक्सिजन प्लांट बसवून ठेवले म्हणून बाकी ठिकाणी सिलिंडरसाठी रडारड चालली असताना इथं श्वास चालू होता. लाट आल्यावर ऑर्डर दिली असती तर?

धुळेकर:
ते कलेक्टर होते. तुमच्या ग्रामसेवकाकडून तीच अपेक्षा ठेवताय?

लॅबवाला_भुसावळ:
शेड फक्त पुढच्या साथीसाठी नाही हो. हवेतून पसरणारं काय फक्त कोरोनाच आहे का, टीबी रोज येतो दवाखान्यात, त्याला कुठं लाट लागते. बंद खोलीत एसी लावला की तीच हवा फिरत राहते, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असल्या की निम्मं काम फुकटात होतं.

रोखठोक भाऊ:
भुसावळात राहून मेमध्ये खिडक्या उघडा म्हणतो, कमाल आहे. झळा कोण सोसणार?

लॅबवाला_भुसावळ:
खरं शे भो, मान्य. ओपीडी सकाळी लवकर, बाहेरून ताडपत्रीची सावली, दुपारी मागच्या भिंतीत एक्झॉस्ट. झळेपायी माणूस मरू नये हेही बघायला लागेल, त्यात वाद नाही.

आशाताई:
दादा, मला शेड नको असं नाही, पण शेडानं माझं काय होणार? मी तर दारोदार होते. माझं कुटुंब माझी जबाबदारी, ते सर्वेक्षण आम्हीच केलं, महिन्याला हजार रुपये जास्तीचे आणि मास्क म्हणजे घरचा रुमाल. लोक ताप लपवायचे, एका घरात तर कुत्रं सोडलं माझ्यावर. आरोग्यवाल्यांना मारलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा असा बदल २०२० मध्ये कायद्यात झाला, पण कुत्र्याला कुठं कायदा माहिती. आधी माझ्या पिशवीत चांगले मास्क आणि ऑक्सिमीटर द्या, आणि माझ्या बरोबर पोलीस पाटील नाहीतर सरपंच स्वतः फिरू द्या.

केळीवाला_यावल:
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, चुकलं. मास्कचा साठा यादीत घेतो. अजून एक, गावातल्या खासगी डॉक्टरला पण त्या साठ्यातून द्यावं का? ताप आला की निम्मं गाव आधी त्यांच्याकडंच जातं.

रोखठोक भाऊ:
अजिबात नाही. फी घेतो, मास्क पण त्यानंच घ्यावा.

सिस्टर_चोपडा:
कोरोनात आरोग्यवाल्यांसाठी सरकारनं जो पन्नास लाखाचा विमा काढला, त्यात पण असंच झालं होतं. सरकारनं कामाला लावलेले नसतील तर खासगीवाल्यांचा दावा बसत नव्हता, त्यावरून कोर्टापर्यंत गेले लोक. त्यांना लागण झाली तर पेशंटला पण होणारच ना भाऊ, तो पेशंट तुमच्याच गल्लीतला.

रोखठोक भाऊ:
विकत द्या, होलसेल भावात. फुकट नाही. आणि केळीवाल्या, अंदाजपत्रक इथं टाक, पत्रा किती जाडीचा अन् अँगल कोणता ते पण लिही. बस स्टँडच्या शेडाचा पत्रा पहिल्याच वावधनात तुझ्याच केळीत येऊन पडला होता.