काळी पेटी नको, किल्ला हवा: लेगोच्या नव्या संचांवरून थोडी भांडाभांडी

बुरूजावरचा बाळू

मंडळी, २०२६ च्या फेब्रुवारी-मार्चात लेगोचं काय काय येतंय ते वाचून डोकं फिरलंय, म्हणून हा धागा.

२७ फेब्रुवारीला पोकेमॉन येतंय. व्हीनसॉर, चारिझार्ड आणि ब्लास्टॉइज या तिघांचा संच ६८३८ तुकड्यांचा, किंमत साडेसहाशे डॉलर. १ मार्चला ती 'स्मार्ट ब्रिक'. म्हणजे नेहमीच्याच दोन-बाय-चारच्या विटेत सेन्सर, दिवा आणि स्पीकर कोंबलेत. ती तरी कशाबरोबर? स्टार वॉर्सबरोबर. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातलाच डेथ स्टार येऊन गेलाय, ९०२३ तुकडे आणि हजार डॉलर.

मला यातलं काहीच नकोय. मला किल्ला हवाय, आणि तो खेळण्याच्या भावात हवाय.

१९७८ साली लेगोचा हातपाय हलवणारा छोटा माणूस आला, तेव्हा त्याच्यासाठी तीन जगं होती: गाव, किल्ला, अंतराळ. चाचे १९८९ मध्ये आले. त्यातलं गाव 'सिटी' म्हणून अजून जोरात चालू आहे. किल्ल्याची स्वतंत्र मालिका शेवटची आली २०१३ मध्ये. त्यानंतर आमच्यासारख्यांची तोंडं बंद ठेवायला मधूनमधून एखादा भलामोठा संच: २०२२ मध्ये सिंहवाल्या सरदारांचा किल्ला, ४५१४ तुकडे, बावीस माणसं, चारशे डॉलर. २०२४ मध्ये मध्ययुगीन चौक, ३३०४ तुकडे. दोन्ही सुरेख आहेत, नाही म्हणत नाही. पण पेटी काळी आणि कोपऱ्यात १८+. नवव्या वर्षी ज्याला किल्ल्याचं वेड लागायचं त्याने काय करायचं, नऊ वर्षं थांबायचं?

२०२१ चा थ्री-इन-वन किल्ला (१४२६ तुकडे, शंभर डॉलर) हा त्यातल्या त्यात बरा होता. पण एकटाच. एकट्या किल्ल्यात मजा नसते हो, समोर वेढा घालायला कुणीतरी लागतं. जुन्या मालिकेत काळ्या ससाण्याचं निशाण होतं, रानात लपलेले वनवीर होते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चार शिपाई आणि घोडा असं खाऊच्या पैशांत येणारं खोकं होतं. पोरं त्यातूनच सैन्य जमवायची. आत्ता जमवायचं तर हप्ते भरावे लागतील.

तुम्हाला काय वाटतं?

(ता. क. २००४ मध्ये राखाडी रंग बदलून निळसर केला ते मी अजून विसरलेलो नाही.)

काळी_पेटी_झिंदाबाद

बाळूशेठ, तुमचं दुःख कळतं, पण काळ्या पेटीवर राग का? माझं वय ४३, दिवसभर स्क्रीन आणि मीटिंगा. रात्री साडेदहाला पोरं झोपली की मी एक पिशवी फोडतो. एकच. सिंहवाला किल्ला मला दीड महिना पुरला. त्यातला तो कड्यातून येणारा ओढा आणि पाणचक्की लावताना मी ऑफिसचा फोन उचलला नाही, ही माझ्या आयुष्यातली दुर्मीळ घटना आहे. 'खेळण्याच्या भावात' हवं म्हणताय, पण मोठ्या संचात बसवायला जे डोकं लागतं ते चार शिपायांच्या खोक्यात कुठून येणार?

आणि १८+ म्हणजे लहानांना मनाई नव्हे. दुकानात आधार कार्ड मागत नाहीत.

ओवीची आई

आधार कार्ड नाही मागत, क्रेडिट कार्ड मागतात.

पण बाळूदादा, तुमच्याशीही वाद आहे. तुमच्या-माझ्या लहानपणी गल्लीतल्या दुकानात लेगो होतं तरी कुठे? आमच्याकडे मेकॅनिक्सचा डबा होता. लोखंडी पट्ट्या, हिरव्या-लाल, आणि पलंगाखाली हरवणारे नट. तुम्ही ज्या १९७८-८९ च्या आठवणी काढून रडताय त्या डेन्मार्क-अमेरिकेतल्या पोरांच्या आहेत. उसन्या आहेत!

दुसरं, शत्रूपक्ष हवा म्हणता. निंजागो बघितलंय का? २०११ पासून चालू आहे, कंपनीचं स्वतःचं आहे, देऊळ आहे, बुरूज आहेत, ड्रॅगन आहे, दर वर्षी नवा खलनायक आहे. आजच्या नऊ वर्षांच्या मुलाचा किल्ला तोच. त्याला चिलखतातला युरोपियन सरदार द्याल तर तो विचारेल, हा उडत का नाही?

बुरूजावरचा बाळू

ओवीच्या आई, उसन्या म्हणालात ते लागलं. पण अगदीच उसन्या नाहीत. मामा मस्कतला होता. १९८८ च्या सुमारास त्याने एक खोकं आणलं: एक झाड, त्याच्या खोडात वनवीरांचा लपायचा अड्डा. एवढंच. मी त्या दोघांना गणपतीच्या मखरात, कुंडीत, आजीच्या पानाच्या डब्यात लपवलंय. एकाची टोपी अजून आहे, माणूस नाही.

निंजागोचं मान्य. मुद्दा चोख आहे, पण मला आवडला नाही.

डॅनिश मिसळ

आरहूसहून लिहितोय, बिलुंड, म्हणजे लेगोचं गाव, इथून गाडीने तासाभरावर. म्हणून मला आतलं काही कळतं असं नाही, फक्त पाहुणे आले की त्यांना लेगो हाउस दाखवून दाखवून पाठ झालंय.

बाळू, 'परवाने (म्हणजे पोकेमॉन-स्टार वॉर्ससारखी दुसऱ्यांची नावं) बंद करा, आपलं मूळचं द्या' ही मागणी ऐकायला छान वाटते. पण २००३-०४ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती. मनोरंजन बागा, कपडे, वाट्टेल तितक्या नवीन आकारांचे तुकडे, कशाचाच ताळमेळ नव्हता. त्या काळात ज्यांनी तारलं त्यात १९९९ ला सुरू झालेलं स्टार वॉर्स आणि २००१ चं बायोनिकल ही मोठी नावं. २००४ ला क्नुदस्टोर्प प्रमुख झाले, तुकड्यांचे प्रकार छाटले, लेगोलँड बागा विकल्या, मग गाडी रुळावर आली. २०२४ ची विक्री ७४.३ अब्ज क्रोनर आहे. अशा कंपनीला 'पोकेमॉन काढू नका' कोण सांगणार?

सरदारांचा प्रयोगही झालाय, बरं का. २०१६ ला 'नेक्सो नाइट्स' आले. ढालीवरचा शिक्का फोनने स्कॅन करायचा आणि गेममध्ये शक्ती मिळवायची. २०१८ ला गुंडाळलं.

बुरूजावरचा बाळू

मिसळराव, हे तर माझ्याच बाजूचं झालं की! ते सरदार कमी आणि ट्यूबलाइट जास्त होते. भगवे-निळे पारदर्शक भाले! किल्ला चालला नाही म्हणून गुंडाळला की फोन चालला नाही म्हणून, ते आधी ठरवा. पुढे २०१९ ला भुतांची मालिका काढली, तीही फोनमधून बघायची, पुढच्याच वर्षी संपली. २०२१ ला गाण्याचे व्हिडिओ बनवायची काढली, ती तर आली कधी आणि गेली कधी कळलं नाही. आणि आता विटेतच स्पीकर.

ओवीची आई

थांबा थांबा. स्मार्ट ब्रिकला यात ओढू नका. त्यात खेळताना फोन लागत नाही, हाच तर फरक आहे. विटेवरच्या सेन्सरला हालचाल कळते, वीट जवळचा खास टॅग आणि लेगोचा छोटा माणूस ओळखते, त्याप्रमाणे आवाज काढते. विमान तिरकं केलं की वेगळा आवाज. ओवी आठ वर्षांची आहे, ती आत्ताही तोंडाने 'ढिशांव' करतेच, वीट करेल तर तिचं तोंड तरी जरा विसावेल.

पहिल्या फेरीतल्या देशांत भारत नाही, त्यामुळे माझा उत्साह तसाही फुकटच.

सुटे_तुकडे

ताई, तोंडाने ढिशांव करणं हाच खेळ आहे. तो आउटसोर्स करू नका. :)

गणिती गण्या

सगळे डॉलरमध्ये बोलताय म्हणून जरा रुपयात. चारशे डॉलर म्हणजे नुसत्या विनिमयानेच छत्तीस हजारांच्या घरात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० चं ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. वर २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा. देशी उद्योगासाठी ते ठीक असेल, तो वेगळा वाद. पण त्यामुळे 'खाऊच्या पैशांत चार शिपाई' ही बाळूंची मागणी डेन्मार्कने मान्य केली तरी मुंबई बंदरात रद्द होते.

मला खटकतं ते वेगळंच. २०१९ पासून चिनी नववर्षासाठी दर वर्षी खास संच निघतात. पहिल्या वर्षी ड्रॅगन नाच होता आणि सहकुटुंब जेवणाचं टेबल होतं. २०२० ला चिनी पुराणकथेतल्या माकडवीरावर अख्खी मालिका. आपल्या वाट्याला ताजमहाल, तोही तीनदा: २००८, २०१७, २०२१. दिवाळीचा एक संच काढायला काय जातं? आकाशकंदील, फराळाचं ताट, दारात रांगोळी. रांगोळीला तर १x१ च्या गोल चकत्या आयत्याच आहेत.

काळी_पेटी_झिंदाबाद

गण्याभाऊ, ७० टक्के शुल्कावर दिवाळी संच विकत कोण घेणार, हे तुम्हीच वर सांगितलंत. चीनमध्ये त्यांचा २०१६ पासून कारखाना आहे, दुकानं आहेत. आधी गिऱ्हाईक, मग सण.

गणिती गण्या

आणि गिऱ्हाईक कुठून येणार? आधी सण की आधी गिऱ्हाईक, कोंबडी-अंडं. असो, चकली १x१ गोल तुकड्यांत कशी होईल याचा विचार करतोय.

मातीचा किल्ला

दिवाळीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी या धाग्यातला एकमेव माणूस असेन ज्याच्या घरात लेगो नाही. आमच्या वाड्यात वसुबारसेच्या आधीच्या रविवारी विटा, दगड, पोती आणि लाल माती येते. पोरं कोपरापर्यंत माखतात. बुरूज ढासळतो, परत थापतात. हळीव पेरतात, चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. मावळे मातीचे, एखाद्याचा हात तुटलेला, तो जखमी म्हणून दवाखान्यात. तुमच्या ४५१४ तुकड्यांत हळीव उगवतं का?

आणि बाळूशेठ, तुम्ही ज्या किल्ल्यासाठी रडताय तो आपला नाहीच. सपाट जमिनीवर चार बुरूज, खंदक आणि साखळीचा पूल. सह्याद्रीत डोंगर हाच किल्ला असतो.

सुटे_तुकडे

मातीवाले काका, शेवटच्या वाक्यासाठी साष्टांग नमस्कार. पण त्याच वाक्यासाठी मी गेली तीन वर्षं लेगोत राजगड करतोय, म्हणून जरा सविस्तर.

संजीवनी माचीची चिलखती तटबंदी करायला घेतली. बाहेर एक तट, आत दुसरा, मधे चिंचोळी वाट. लेगोची अडचण अशी की सगळा मामला चौकटीच्या वहीसारखा: दोन स्टडमधलं (विटेवरच्या गोल उंचवट्यांमधलं) अंतर ८ मिलिमीटर, वळण म्हणाल तर काटकोन. आणि माची असते सापासारखी. मी तट १x२ आणि गोल १x१ च्या विटा आलटून पालटून लावून केला. एका लांब ओळीत अशा विटा असल्या की भिंत वाकते, हळूच दाबली की बांधीव तटासारखी वळते. खालच्या प्लेटला मात्र ती दोनचार ठिकाणीच अडकवायची, नाहीतर तडतड आवाज येतो आणि आपल्या छातीत धस्स होतं. कड्यासाठी बाजूला स्टड असलेल्या विटा घेऊन उतरते तुकडे आडवे लावले. आणि बाळू, ज्या निळसर गडद राखाडीला तुम्ही शिव्या देताय, तो पावसाने भिजलेल्या काळ्या पाषाणाचा रंग आहे. जुना राखाडी ठेवून बघा, सिमेंटचा वाटतो.

तपकिरी तुकड्यांनी मात्र छळलं. काही वर्षांच्या उत्पादनातला तो तांबूस तपकिरी इतका ठिसूळ आहे की दरवाज्याच्या फळ्या लावताना तीन क्लिपा हातात तुटल्या.

सांगायचं हे की थीम येईल म्हणून वाट बघू नका. किलोवर सुटे घ्या, डोंगर आधी बांधा.

बुरूजावरचा बाळू

वा! फोटो टाका आधी. सुटेभाऊ, तुमच्यापुढे वाद घालायची हिंमत नाही, तरी घालतो. तुम्ही सुट्यातून राजगड करता, कारण वळणारी भिंत कशी करायची ते तुम्हाला माहीत आहे. नऊ वर्षांच्या पोराला ते कोण शिकवणार? मला ते त्या झाडाच्या खोडाने शिकवलं. खोड उघडायचं कसं, बंद कसं करायचं, आत माणूस मावतो का. लहान संच हा शिकवणीचा वर्ग असतो. तो बंद करून थेट पीएचडीच विकायची, याला माझा विरोध आहे.

आणि काळी पेटीवाले दादा, तुमची साडेदहाची पिशवी मला मान्य आहे. पण पोरं झोपल्यावर. हेच म्हणतोय मी.

काळी_पेटी_झिंदाबाद

हे जरा कमरेखाली होतं. बरं, एक कबुली देतो. तो किल्ला काचेच्या कपाटात आहे. धाकटा सहा वर्षांचा, त्याने मागच्या आठवड्यात मी ऑफिसला असताना बावीसच्या बावीस माणसं बाहेर काढली आणि सोफ्यावर लढाई लावली. शत्रूपक्ष म्हणून भाजीतले मटार.

मी ओरडलो. नंतर वाईट वाटलं. पण कपाटाला कुलूप लावलंय, ते काढणार नाही.

डॅनिश मिसळ

मटार!! बिलुंडला कळवायला हवं.

बाळू, वाट बघायची नसेल तर लेगोच्या 'आयडियाज' या संकेतस्थळावर टाका ना प्रस्ताव. दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी विचारात घेते. २०२१ चा मध्ययुगीन लोहार तिथूनच आला, २१६४ तुकडे. मराठी माणसांनी ठरवलं तर दहा हजार काही जड नाहीत.

गणिती गण्या

दहा हजार मराठी माणसं एका किल्ल्यावर एकमत? रायगड की राजगड यावरच पहिले नऊ हजार जातील.

मातीचा किल्ला

प्रतापगड.

सुटे_तुकडे

झालं सुरू. फोटो उद्या टाकतो, आज सुवेळा माचीचा एक कडा मांजरीने उतरवलाय. कुणाकडे गडद राखाडी २x२ चे उतरते तुकडे जास्तीचे असतील तर सांगा, साधारण ऐंशी लागतील. कुरियर मी देईन.

मातीचा किल्ला

ऐंशी नाहीत, पण पुतण्याचा एक डबा माळ्यावर आहे. बघतो काय निघतंय. बदल्यात मावळा कसा बसतो तुमच्या तटावर तेवढं दाखवा, मातीचा.