मदत हवी आहे: निन्टेंडो डीएसवर रूपकचा ठेका आणि मींड कशी बसवायची?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. संध्याकाळी घरी मुलांना पेटी शिकवते. त्यांतल्या एकाच्या मामाने त्याला आपला जुना निन्टेंडो डीएस लाइट (हातात धरून खेळायचं गेमयंत्र) दिला आणि सोबत कोर्ग डीएस-१० नावाचं कार्ट्रिज. मुलाला वाटलं गेम असेल, पण त्यात गेम नाहीच. २००८ साली आलेलं हे सरळ सिंथेसायझर आहे, कोर्गच्या १९७८ च्या एमएस-१० वर बेतलेलं. दोन सिंथ, चार ड्रम, १६ घरांचा सिक्वेन्सर (घरं भरली की ती ओळीने वाजवणारा). स्क्रीनवर पेनने वायरी जोडून आवाज घडवायचा.

मुलांना त्याचा जो नाद लागलाय तो मला फार मोलाचा वाटतो. माझ्याकडची एक मुलगी टाळी-खाली धरताना हमखास मात्रा चुकायची. आता ती स्वतः घरं मोजून ठेका भरते आणि दुसऱ्याची सम (तालाची पहिली मात्रा) चुकली तर लगेच सांगते. वर्षभर तोंडी सांगून जे झालं नाही ते डोळ्यांना दिसल्यावर झालं. म्हणून हा प्रकार नीट शिकून घ्यायचाच असं ठरवलंय. आमच्या कॉलनीच्या गणपतीत मुलांनी स्वतः बांधलेली एक चाल मंडपात वाजवायची इच्छा आहे.

भजनी ठेका अगदी सहज बसला. ८ मात्रा, प्रत्येकीला २ घरं, १६ घरं पूर्ण. पण मुलांनी बांधलेली चाल आहे रूपकमध्ये. ७ मात्रांना १४ घरं लागतात, शेवटची २ मोकळी राहतात आणि प्रत्येक आवर्तनात (तालाच्या फेऱ्यात) ठेका लंगडतो. चाल बदलून ८ मात्रांत घ्या असं घरचे म्हणतात, पण ते मला करायचं नाही. मुलांना रूपकच सुचला, तो तसाच राहावा.

दुसरी अडचण मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. पोर्टामेंटोचं बटण फिरवलं की सूर घसरत जातात, छान वाटतं, पण मग सगळेच घसरतात. मुरकीसुद्धा (झटपट सुरांचं छोटं वळण) विरघळून जाते. मला फक्त ग वरून रे वर येताना मींड हवी आहे, बाकी सूर सुटे हवेत.

तिसरं, रेकॉर्डिंग. यातून गाण्याची फाइल बाहेर काढायची सोयच नाही, फक्त हेडफोनचं भोक आहे. तिथून वायर काढून लॅपटॉपला जोडली तर आवाज फाटतो, एकाच बाजूने येतो आणि मागे सतत घूं ऐकू येतं.

तानपुऱ्यासाठी मी एक सिंथ वापरलाय: पहिला ऑसिलेटर (सूर काढणारा भाग) षड्जावर, दुसरा त्याच्यापासून ७ अर्धस्वर वर, म्हणजे पंचमावर. सा-प एकाच सिंथमधून मिळाल्यामुळे दुसरा सिंथ चालीला मोकळा राहिला. कुणाला उपयोग झाला तर बघा.

कुणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

— पेटीवाली

कोयनाकाठ:
ताई, चाल अजिबात बदलू नका, रूपक बसतो. मोकळी घरं सोडायचीच नाहीत. १६ घरं म्हणजे ८ मात्रा. पहिल्या पॅटर्नमध्ये (१६ घरांच्या संचात) रूपकचं एक पूर्ण आवर्तन भरा आणि उरलेल्या २ घरांत पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा टाका. दुसरा पॅटर्न दुसऱ्या मात्रेपासून सुरू करा, तिसरा तिसऱ्यापासून, असं सातव्यापर्यंत. ७ पॅटर्न ओळीने वाजले की ५६ मात्रा होतात, म्हणजे बरोबर ८ आवर्तनं, आणि आठव्या वेळी पहिला पॅटर्न पुन्हा समेवर येतो. सॉंग मोडमध्ये ते ओळीने लावून द्या. चालही ८ आवर्तनांत बांधा: ४ मुखड्याला, ४ अंतऱ्याला.

दादऱ्याला हाच हिशोब ३ पॅटर्नचा, ४ आवर्तनं. झपतालाला ५ पॅटर्न, तिथेही ४ आवर्तनं. मुलांनाच काढायला सांगा, लसाविचं गणित आहे.

लयीचंही लक्षात ठेवा. १६ घरं म्हणजे यंत्राच्या हिशोबाने ४ ठोके. तुमची मात्रा २ घरांची, त्यामुळे बीपीएम (यंत्राचे मिनिटाला ठोके) ६० ठेवलं तर मिनिटाला १२० मात्रा पडतील.

मिरजकर:
रेकॉर्डिंगचं मी सांगतो. तुमच्या लॅपटॉपला बहुतेक एकच भोक असेल, हेडफोन आणि माइक मिळून. ते माइकसाठी असतं: एकाच बाजूचा आवाज घेतं आणि अगदी बारीक सिग्नलची अपेक्षा धरतं. हेडफोनचा सिग्नल त्यापेक्षा कितीतरी मोठा, म्हणून फाटतो. लाइन-इन असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात घेणारी डबी) घ्या, किंवा घरात जुना डेस्कटॉप असेल तर त्याच्या मागचं निळं भोक वापरा. ते लाइन-इनच आहे, दोन्ही बाजू घेतं. डीएसचा आवाज पाऊणच्या आसपास ठेवा, ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी लाल होऊ देऊ नका.

घूं येतं ते चार्जरमुळे. रेकॉर्ड करताना डीएस आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर चालवा.

आणि सगळं एकदम रेकॉर्ड करू नका. ड्रम बंद ठेवून फक्त चाल घ्या, मग फक्त ठेका, मग सा-प. तीन वेगळ्या पट्ट्या ऑडासिटीत पहिल्या मात्रेवर जुळवा. मींडेचाही मार्ग यातूनच निघतो: चाल एकदा पोर्टामेंटो लावून रेकॉर्ड करा, एकदा न लावता, आणि जिथे ग-रे ची मींड हवी तेवढाच तुकडा पहिल्यातून घ्या.

सा-प ची युक्ती चांगली आहे. पण सांगलीत राहून तानपुरा सिंथमधून का काढता? आमच्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्याच्या तानपुऱ्याची जवारी (घोडीची घासून केलेली घडण) नीट लागली की जी आस (रेंगाळणारी गुंज) उमटते, ती दोन ऑसिलेटरमधून यायची नाही. खरा तानपुरा तीन मिनिटं रेकॉर्ड करा, खाली ठेवा आणि यंत्राची चाल त्याच्या सुरात लावून घ्या. मुलांचा कानही तयार होईल.

चौकटराजा:
मींड सुराप्रमाणे हवी असेल तर निन्टेंडोच्याच जुन्या गेम बॉयवरचं लिटल साउंड डीजे हे संगीताचं सॉफ्टवेअर बघा. एका स्वीडिश माणसाने लिहिलेलं आहे, संगणकावर एम्युलेटरमध्येही (गेम बॉयची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालतं. त्यात प्रत्येक ओळीला कमांड देता येते. ज्या सुरावर घसरत यायचं त्याच्यासमोर एल कमांड, बस. बाकी सूर सुटे. रूपकसाठी तर एच कमांड आहे: १४ ओळी भरून पंधरावीवर एच टाकली की तिथूनच पुढच्या फ्रेजवर (१६ ओळींच्या तुकड्यावर) उडी. मात्र चारही चॅनलवर सारखी टाका, नाहीतर एक चॅनल मागे राहील. चॅनल चारच: दोन पल्स, एक वेव्ह, एक नॉइज. खऱ्या गेम बॉयवर करणार असाल तर कार्ट्रिजमधल्या बटण-सेलवर सेव्ह टिकतं, सेल संपला की चाल गेली. संगणकावर प्रत काढत जा.

नवं यंत्र घ्यायचंच असेल तर निन्टेंडो स्विचवर २०१८ पासून कोर्ग गॅजेट हे असंच संगीताचं सॉफ्टवेअर आहे. निन्टेंडोच्याच थ्रीडीएसच्या नादाला लागू नका, त्याचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं.

पेटीवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. कोयनाकाठ, मुलांना नुसतं "लसावि काढा" म्हटलं आणि सातव्या पॅटर्नपर्यंत त्यांनीच पोचवलं. ठेका समेवर येतो, ऐकून मुलं नाचली. मिरजकर, तानपुऱ्याचं पटलं. माझ्याकडे आईचा आहे, काळी दोनमध्ये लावते. चाल पांढरी चारमध्ये बांधलेली आहे, तेव्हा सगळी दोन अर्धस्वर खाली आणावी लागेल. एकेक घर हलवण्यापेक्षा रेकॉर्ड केल्यावर ऑडासिटीत पिच खाली घेतला तर चालेल का? आणि सांगली-मिरजेत कुणाकडे यूएसबी इंटरफेस असेल तर एक दिवसासाठी मिळेल का? विकत घेण्याआधी वापरून बघायचा आहे.

मिरजकर:
पिच खाली घ्या, चालेल. फक्त चालीच्याच पट्टीचा, ठेक्याला हात लावू नका. चाल बरोबर दोन अर्धस्वर खाली आली की नाही ते तानपुऱ्याच्या षड्जाशी कानाने ताडून बघा. इंटरफेस माझ्याकडे आहे. व्यक्तिगत निरोप टाकलाय, रविवारी सकाळी घेऊन येतो. तानपुऱ्याच्या तारा आदल्या दिवशीच चढवून ठेवा, म्हणजे सूर बसलेला असेल.