झेड ३९० वर सोनोमा: ओपनकोरच्या मेनूनंतर बूट अडतं, मित्राकडे मात्र हाच ईएफआय चालतो

तालमाळ

नमस्कार मंडळी. मी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं काम करतो. सोबतचे सगळे लॉजिक प्रोमधले प्रोजेक्ट पाठवतात आणि लॉजिक विंडोजवर चालत नाही. म्हणून जुळवलेल्या पीसीवर मॅकओएस सोनोमा टाकायला घेतलंय, म्हणजेच हॅकिंटॉश. बूट करायला ओपनकोर हा बूटलोडर वापरतोय.

मशीन असं आहे: इंटेल कोअर आय७-९७००, झेड ३९० चिपसेटचा बोर्ड, ३२ जीबी रॅम, रेडिऑन आरएक्स ६६०० आणि मॅकसाठी वेगळी एनव्हीएमई एसएसडी. विंडोजची एसएसडी सध्या काढून ठेवली आहे.

ईएफआय फोल्डर (ज्यात ओपनकोर आणि त्याच्या सेटिंग असतात) मित्राचा आहे. त्याच्याकडे आय७-८७००, झेड ३७० बोर्ड आणि आरएक्स ५८०. त्याचं सोनोमा रोज कामात असतं, सुरळीत चालतं. दोन्ही प्रोसेसर कॉफी लेक, दोन्हींत यूएचडी ६३० ही अंगभूत ग्राफिक्स, ओपनकोरची आवृत्ती तीच. माझ्याकडे ओपनकोरचा मेनू येतो, रिकव्हरी निवडली की अक्षरं सरकतात आणि शेवटी ही ओळ राहते:

[ईबी|#लॉग:एक्झिटबीएस:स्टार्ट]

पुढे काही नाही. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. बायोसमध्ये सिक्युअर बूट आणि फास्ट बूट बंद आहेत, साटा एएचसीआयवर आहे. सीएफजी लॉक नावाचा पर्याय मात्र माझ्या बायोसमध्ये कुठेच दिसत नाही. प्रोसेसर त्याच घराण्यातला असताना अडतंय कुठे?

बिटबहाद्दर

आरएक्स ६६०० काढा आणि बोर्डाच्या एचडीएमआयवरून बूट करून बघा. हॅकिंटॉशमध्ये दहापैकी नऊ वेळा ग्राफिक्स कार्डच नडतं.

कर्नलपंत

कार्ड काढायची घाई करू नका, ते पुन्हा बसवावं लागेल आणि हाती काही लागणार नाही. ही ओळ ज्या टप्प्यावर येते तिथे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अजून लोडच झालेला नसतो. यूएसबी नाही, डिस्क नाही, काहीच नाही. फर्मवेअर आपल्या बूट सर्व्हिसेस बंद करून मेमरी कर्नलच्या, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्याच्या, हवाली करतं, तो हा क्षण. भाडेकरूने खोली रिकामी करून किल्ली द्यायची असते, पण तो दोन खोल्यांना स्वतःचं कुलूप लावून जातो, तसं काही बोर्ड करतात. कर्नलला हवी ती जागा मिळत नाही आणि तो तिथेच थिजतो.

म्हणून इथे बघायचं ते कॉन्फिग पीलिस्ट या ओपनकोरच्या सेटिंग फाइलमधल्या बूटर विभागातल्या क्वर्क्सकडे, म्हणजे खोडींवर उपाय करणाऱ्या पर्यायांकडे. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे: झेड ३७० आणि झेड ३९० दोन्ही ३०० सीरिजचे, पण त्यांचं फर्मवेअर वेगळं वागतं. झेड ३९० वर "प्रोटेक्ट यूईएफआय सर्व्हिसेस" चालू असावं लागतं. मित्राच्या झेड ३७० ला त्याची गरज नाही, त्यामुळे त्याच्या फाइलमध्ये ते बंद असणार. बाकीचे असे हवेत: "डीव्हर्च्युअलाइज एमएमआयओ", "रीबिल्ड ॲपल मेमरी मॅप", "सिंक रनटाइम परमिशन्स" आणि "सेटअप व्हर्च्युअल मॅप" चालू, "एनेबल राइट अनप्रोटेक्टर" बंद. रीबिल्ड आणि राइट अनप्रोटेक्टर हे दोन्ही एकदम चालू ठेवलेले मी बऱ्याच फाइलींत पाहतो. तसं करू नका, दोन्ही एकाच दुखण्यावरचे वेगवेगळे इलाज आहेत.

दुसरी शंका सीएफजी लॉकची. हा लॉक लागलेला असला की प्रोसेसरच्या ०एक्सई२ या रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही, आणि मॅकओएसचं पॉवर मॅनेजमेंट तर तिथेच लिहू पाहतं. मित्राने त्याच्या बायोसमध्ये लॉक काढला असेल, तर त्याच्या फाइलमध्ये "ॲपल एक्ससीपीएम सीएफजी लॉक" हा क्वर्क बंद असेल. तुमच्या बायोसमध्ये पर्यायच नाही म्हणता, म्हणजे तुम्हाला तो चालू करावा लागेल. कर्नल विभागात सापडेल.

बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद आणि अबव्ह ४जी डीकोडिंग चालू आहे ना, तेही बघा. बूट आर्ग्युमेंटमध्ये (बूट होताना कर्नलला द्यायच्या सूचनांमध्ये) "-व्ही" आहेच, त्याला "कीपसिम्स=१ डीबग=०एक्स१००" जोडा, म्हणजे पॅनिक झालं (कर्नल कोसळला) तर मशीन लगेच रीस्टार्ट न होता मजकूर पडद्यावर राहील.

एक कळकळीची विनंती. एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी शेवटच्या ओळीचा फोटो घ्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि बूट पुढे सरकलं, तर कशामुळे सरकलं हे कधीच कळत नाही. पुढच्या अपडेटला तेच कोडं पुन्हा समोर येतं.

रायझनप्रेमी

एएमडीवाले हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तीच ओळ रायझनवरही येते, पण कारणं वेगळी. एक तर एएमडीचे कर्नल पॅच जुने असतात, किंवा पॅचमध्ये कोअरची संख्या भरायची राहून जाते. ८ कोअर असतील तर तिथे ०८ हवं. आणि बी५५०, ए५२०, एक्स५७० बोर्डांवर सेटअप व्हर्च्युअल मॅप बंद लागतं. वर पंतांनी सांगितलंय त्याच्या बरोबर उलट, तेव्हा इंटेलची यादी जशीच्या तशी उचलू नका.

तालमाळ

पंत, प्रोटेक्ट यूईएफआय सर्व्हिसेस एकट्याने काम केलं! फाइलमध्ये ते खरंच बंद होतं. सीएफजी लॉकचा क्वर्क मात्र मित्राने आधीच चालू ठेवलेला निघाला, बाकीचे बूटर क्वर्क्सही तुम्ही लिहिले तसेच होते. आता अक्षरांचे पडदेच्या पडदे सरकतात आणि "पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन" वर थांबतात. अबव्ह ४जी डीकोडिंग चालू आहे. आता तरी कार्ड बघू का?

कर्नलपंत

अजून नाही. अबव्ह ४जी चालू असूनही इथे अडत असेल तर माझा पहिला संशय घड्याळावर.

३०० सीरिजच्या नव्या बोर्डांवर एडब्ल्यूएसी नावाचं नवं घड्याळ असतं. मॅकओएसला ते समजत नाही, त्याला जुनं आरटीसी हवं असतं. झेड ३७० च्या बऱ्याच बोर्डांवर आरटीसी चालूच असतं, त्यामुळे मित्राला कधी काही करावं लागलं नसेल. झेड ३९० वर एसएसडीटी-एडब्ल्यूएसी (बोर्डाच्या हार्डवेअरची माहिती मॅकओएसला देणारी छोटी फाइल) लागतं. ते नवं घड्याळ बंद करून जुनं चालू करतं. सोबत एसएसडीटी-पीएमसीही घ्या. ते झेड ३९० वर एनव्हीरॅम (मशीन बंद झाल्यावरही सेटिंग जपणारी मेमरी) नीट चालावी म्हणून लागतं, आणि झेड ३७० ला त्याची गरज नसते. म्हणजे या दोन्ही फाइली मित्राच्या फोल्डरमध्ये बहुधा नसतील. एसएसडीटी-प्लग आणि एसएसडीटी-ईसी-यूएसबीएक्स असतील, ती राहू द्या.

फाइल एसीपीआय फोल्डरमध्ये टाकली म्हणजे झालं असं नाही. कॉन्फिग पीलिस्टच्या एसीपीआय विभागात, ॲडच्या यादीत तिची नोंद लागते. प्रॉपर-ट्री या पीलिस्ट एडिटरमध्ये "ओसी स्नॅपशॉट" मारलं की नोंदी आपोआप होतात. मग ओपनकोरसोबत येणारं "ओसी-व्हॅलिडेट" फाइलवर चालवा. स्पेलिंग चुकलेलं असो किंवा एखादी नोंद गाळलेली असो, ते ओळ दाखवून सांगतं. लोक याच्याकडे दुर्लक्ष करतात याचं मला फार वाईट वाटतं, इतकं उपयोगी साधन आहे.

फाइल उघडलीच आहे तर प्लॅटफॉर्म इन्फोमध्ये जाऊन सीरियल नंबरही नवा बनवून घ्या, जेन-एसएमबायोसने होतो. मॉडेल आयमॅक१९,१ ठेवा. मित्राचाच सीरियल दोन मशिनांवर चालला तर आयमेसेज आणि ॲपल आयडीच्या बाबतीत दोघांनाही त्रास.

तालमाळ

दोन्ही एसएसडीटी नव्हत्याच. घातल्या, आणि पीसीआयच्या पुढे गेलं. आता "जीआयओस्क्रीनलॉकस्टेट" असं काहीतरी असलेली ओळ क्षणभर दिसते आणि मॉनिटर "नो सिग्नल" म्हणतो. पण या वेळी कॅप्स लॉकचा दिवा लागतोय!

बिटबहाद्दर

आता मात्र कार्डच.

कर्नलपंत

आता कार्डच, बिटबहाद्दर बरोबर सांगताहेत. दिवा लागतोय म्हणजे कर्नल जिवंत आहे, यूएसबी चालतंय, फक्त चित्र बाहेर येत नाही.

आरएक्स ५८० पोलॅरिस घराण्यातलं. आरएक्स ५०००, ६००० ही नावी घराण्यातली, आणि त्यांना बूट आर्ग्युमेंटमध्ये "एजीडीपीमॉड=पिकेरा" लागतं. स्पेलिंग नीट बघा, शेवटी "केईआरए" आहे, अनेक जण "केआरए" लिहितात आणि मग कार्डाला दोष देतात. हे आर्ग्युमेंट वाचणारा व्हॉटेव्हर-ग्रीन असतो, त्यामुळे तो आणि लिलू दोन्ही केक्स्ट (मॅकओएसला जोडले जाणारे ड्रायव्हर) चालू हवेत, आणि यादीत लिलू आधी.

यूएचडी ६३० बंद करू नका. कार्डावरून चित्र घेत असलात तरी व्हिडिओ एन्कोडिंगला ती उपयोगी पडते. तिला आयजी-प्लॅटफॉर्म-आयडी ०३००९१३ई द्या, म्हणजे ती डिस्प्लेविना पाठीमागे काम करेल. मॉनिटरची केबल अर्थात कार्डालाच.

इन्स्टॉल सुरू झालं की मशीन अधूनमधून स्वतः रीस्टार्ट होईल. दर वेळी मेनूमध्ये "मॅकओएस इन्स्टॉलर" नावाची नोंद निवडायची, पेनड्राइव्हची रिकव्हरी नाही. ती निवडली तर इन्स्टॉल पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगतं आणि माणूस नाहक घाबरतो.

जुनीखिडकी

तालमाळ, कामाचं मशीन आहे म्हणून दोन गोष्टी आत्ताच सांगते. आयमॅक१९,१ हे मॉडेल सेक्वोयापर्यंत चालतं. त्यापुढचं टाहो त्याला सपोर्ट करत नाही, आणि टाहो हीच इंटेल मशिनांसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. ॲपलच्या परवान्यातही मॅकओएस ॲपलच्याच मशीनवर टाकायला मुभा आहे. त्यामुळे ग्राहकांची सेशन्स फक्त या डिस्कवर ठेवू नका. अपडेट आपोआप होणार नाहीत अशी सेटिंग करा आणि चालणाऱ्या ईएफआयची प्रत पेनड्राइव्हवर कायम ठेवा. एखादा बदल अंगाशी आला तर त्या पेनड्राइव्हवरून बूट होता येतं.

तालमाळ

डेस्कटॉप आला! पिकेरानंतर लगेच चित्र आलं, इन्स्टॉलही विनासायास पार पडलं. इंटेल-माउसी या केक्स्टमुळे इथरनेट चालतंय, लॉजिक उघडलं, मित्राचं ४८ ट्रॅकचं सेशन न अडखळता वाजलं. पंत, किती आभार मानू. जुनीखिडकी, ईएफआयची प्रत काढून ठेवली आहे.

एकच उरलं. ऑडिओ इंटरफेस मागच्या काही पोर्टांवर दिसतो, काहींवर दिसतच नाही. मित्राचा यूएसबी मॅप (कोणते पोर्ट वापरायचे त्याची यादी) फोल्डरमध्ये आहे.

कर्नलपंत

अभिनंदन! तो मॅप काढून टाका. पोर्टांची जोडणी प्रत्येक बोर्डाची वेगळी असते, दुसऱ्याच्या मॅपमध्ये तुमचे अर्धे पोर्ट नसणारच.

मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्टच मानतं. "एक्सएचसीआय पोर्ट लिमिट" क्वर्कने ही मर्यादा उठवायचा जुना मार्ग ११.३ पासून बिघडला, तेव्हा तो बंदच ठेवा. विंडोजची एसएसडी परत लावा, यूएसबी-टूलबॉक्स (नवा मॅप बनवणारं साधन) चालवा आणि प्रत्येक पोर्टात आधी यूएसबी २ चा आणि मग यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह घालून बघा. निळा पोर्ट दिसायला एक असला तरी मोजताना दोन धरला जातो, त्यामुळे १५ चा आकडा फार लवकर भरतो. ऑडिओ इंटरफेस यूएसबी २ चा असेल तर त्याच्या पोर्टाची फक्त २ वाली बाजू ठेवा, एक जागा वाचेल. आणि ब्लूटूथ असेल तर बोर्डाच्या आतला त्याचा पोर्टही मोजा, तोही त्या १५ मध्येच येतो.